चव्वेचाळीस सालचे कपडे

रियाध,
१४ सप्टेंबर २०२५

श्री. हारून हमदुले यांस स. न.

आपली ओळख नाही. माझं नाव विभावरी गुर्जर. माझे यजमान उन्मेष इथे बँकेत आहेत. त्यांच्या ऑफिसातले एक गृहस्थ तुम्ही शिवलेला कोट घालून गेल्या आठवड्यात आमच्याकडे जेवायला आले. मी तो कोट त्यांच्या अंगावरून उतरवून घेतला, उलटा केला आणि जेवणं होईपर्यंत परत दिला नाही. रास तनुराच्या रिफायनरीजवळ, रहीमासारख्या गावात, दाभोळचा एक माणूस असं काम करतो हे तेरा वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पुण्यात मी नाटकांचा कपडेपट सांभाळायचे. आता इथल्या एका स्टुडिओत तेच काम करते. आमची नवी मालिका १९४४ सालची आहे. दुसरं महायुद्ध चालू आहे आणि तुमच्याच किनाऱ्यावर तेलाचा कॅम्प उभा राहतो आहे, अशी गोष्ट. अमेरिकन इंजिनियर, इटालियन गवंडी, सौदी कामगार आणि आपल्या कोकणातले खलाशी. सेट रहीमापासून अर्ध्या तासावर लागेल, शिलाईखातं दम्मामला असेल. मशीनवर बसणारे कारागीर मिळाले आहेत. कापड बेतणारा मुख्य कटर मिळालेला नाही. ही कायम नोकरी आहे आणि जागा एकच आहे.

सोबत कापड पाठवते. दोन नमुने करून द्या: एक अमेरिकन इंजिनियरची पॅन्ट, एक कोकणी खलाशाचा सदरा. त्या काळच्या कपड्यांच्या नियमांचे दोन कागद जोडले आहेत. ते आधी वाचा, मग कात्री उचला.

आपली,
विभावरी गुर्जर


रहीमा,
२१ सप्टेंबर

विभावरीताईंना हारून हमदुलेचा नमस्कार.

पत्र मिळालं, कापड मिळालं, मोबाइलवरचे तुमचे चार मेसेजही मिळाले. मेसेजना मी उत्तर देणार नाही, रागावू नका. कामाचं बोलणं कागदावर हवं. कागद टाचणीने भिंतीला लावता येतो, आणि उद्या कुणी म्हणालं की मी असं सांगितलंच नव्हतं, तर त्याच्यावर बोट ठेवता येतं. कपड्याच्या घडीत चिठ्ठी ठेवून पार्सल पाठवायचं, अशी माझी जुनी रीत आहे. मी सांगतो, माझी सून रुमाना लिहून घेते. दाभोळच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, पण माझं अक्षर मलाच लागत नाही.

या देशात सदतीस वर्षं काढली. जिझानला चार, अबकैकला नऊ, उरलेली इथे. गिऱ्हाईक दारातून आत येतानाच मी त्याची कंबर सांगतो. टेप लावतो तो त्याचं समाधान म्हणून.

आता एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. माझ्या कफीलला, म्हणजे ज्याच्या नावावर माझं दुकान चालतं त्या सौदी मालकाला, या दुकानाच्या जागी कॉफीशॉप काढायचं आहे. डिसेंबरअखेर दुकान खलास. तोवर नवी नोकरी लागली तर इकामा, राहायचा परवाना, तिथे बदलून घेता येईल. नाहीतर फायनल एक्झिट आणि दाभोळला आराम. आराम मला मानवत नाही, ताई. दोन वर्षांपूर्वी सुट्टीला गेलो होतो, तर तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या खिडक्यांचे पडदे उसवून नीट शिवायला घेतले. मुलगा झयान इथे रिफायनरीत आहे, सून इथे आहे. मलाही इथेच राहायचं आहे. तुमची ती जागा मला हवी आहे.

नमुने सोबत आहेत. दुसऱ्या कुणाला नमुने करायला सांगितले असतील तर त्यांना आता थांबायला सांगा.

खुदा हाफिज.
हारून हमदुले


रियाध,
२८ सप्टेंबर

हारूनभाई,

नमुने पाहिले. इतकी सुंदर शिवलेली पॅन्ट मी आजवर हातात धरली नव्हती. ती नापास झाली आहे.

आमची मुख्य डिझायनर हॅरिएटबाई इंग्रज आहे, सत्तरीची आहे आणि तिला गोड बोलता येत नाही. पॅन्टच्या पायाला खाली दुमडून पट्टी केलीत. त्या वेळी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये सरकारने त्या पट्टीवरच बंदी घातली होती, कारण सगळं कापड गणवेशांना लागत होतं. समोर चार चुण्या घातल्यात, खिसे पाच केलेत. मग बाईने शिवणीतला एक धागा ओढला आणि काडी लावली. सुती धागा जळून राख होतो. तुमचा वितळला आणि त्याचा कडक मणी झाला. पॉलिएस्टर! त्याचा शोध युद्धात लागला हे खरं, पण चव्वेचाळीस साली तो प्रयोगशाळेतून बाहेर आला नव्हता. नायलॉन तेवढा आला होता, आणि तो सगळा पॅराशूटला जात होता.

खलाशाच्या सदऱ्याचं तर विचारूच नका. बाईने बाजूची शिवण उसवली, तर आत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया सोडलेली. ती म्हणाली, युद्धाच्या दिवसांत एवढं कापड आत लपवणाऱ्या शिंप्याला लोकांनी झोडपलं असतं.

मी पाठवलेले दोन कागद तुम्ही वाचले होते का? खरं सांगा. १० ऑक्टोबरपर्यंत आणखी एक संधी मी भांडून मिळवली आहे. दोन्ही नमुने परत पाठवते आहे.

विभावरी


रहीमा,
५ ऑक्टोबर

विभावरीताईंना नमस्कार.

कागद वाचले नव्हते. रुमानाने वाचले होते आणि दुमडपट्टी नको म्हणून ती दोनदा म्हणाली होती. मी म्हटलं, साहेबाच्या पॅन्टला पट्टी नाही तर तो साहेब कसला?  आता ती नुसती हसते. ते जास्त लागतं.

पॅन्ट नवीन पाठवली आहे. पट्टी नाही, चुणी नाही, खिसे मोजके. धागा सुती आहे. काडी इथेच लावून पाहिली, राख चिमटीत घेऊन पाहिली. पॅन्ट अशी दिसते की कापड संपल्यावर शिंप्याने हात जोडले असावेत. तुमच्या बाईला तेच हवं असेल तर तिला मिळालं.

पण सदऱ्याच्या बाबतीत मी एक धागाही बदललेला नाही. तोच सदरा, उसवलेली शिवण घालून परत पाठवतो आहे. तुमच्या बाईला हे वाचून दाखवा.

माझे आजोबा दाभोळला खलाशांचे कपडे शिवायचे. त्रेचाळीस साली कापडावर कंट्रोल आला. रेशनवर मिळणाऱ्या कापडाच्या कडेला गिरणीचा शिक्का असायचा आणि त्यात भाव छापलेला. तो शिक्का सुद्धा कुणी कापून टाकत नसे, कारण तेवढंच दोन बोटं कापड. सदऱ्याचा जो भाग लुंगीच्या आत जातो तो जुन्या चादरीचा लावायचे. वरून अंगाला चिकटून बसेल इतका तोकडा सदरा. पण आत माया दीड इंच, कधी दोन इंच. का? कारण तो सदरा एका माणसाचा नसायचाच. थोरला बोटीवरून आला की धाकटा तो घालून जायचा. धाकटा अंगाने भरला की शिवण उसवून सदरा मोठा करायचा. बोट बुडाली आणि माणूस परत आला नाही, तर मामाच्या मुलाला व्हायचा.

गोऱ्यांच्या देशात कापड कमी पडलं तेव्हा त्यांनी आतलं कापड काढून टाकलं. आमच्याकडे कमी पडलं तेव्हा आम्ही ते आत ठेवून दिलं. दोघांचीही रीत बरोबर असेल. पण खलाशी आमचा आहे, त्याचा सदरा आमच्या रीतीने होईल. बाईला मान्य नसेल तर तिने दाभोळला जाऊन माझ्या आजोबांच्या कबरीशी वाद घालावा.

हारून हमदुले


रियाध,
१४ ऑक्टोबर

हारूनभाई,

तुमचं पत्र मी हॅरिएटबाईला इंग्रजीत वाचून दाखवलं, कबरीसकट. ती बराच वेळ सदऱ्याची शिवण चाचपत बसली. मग म्हणाली, या माणसाला सगळे हिंदी कामगार देऊन टाका. पॅन्टही पास. तुम्ही जिंकलात. आता फार फुशारू नका, कारण कामाचा डोंगर पाठवते आहे.

यादी सोबत आहे: बावीस खलाशी-सुतार, अकरा अमेरिकन, आठ इटालियन. शिवाय सहा बायका. मालिकेत इंजिनियरची बायको अमेरिकेत मागे राहिली आहे आणि विमानांच्या कारखान्यात कामाला लागली आहे. त्या दिवसांत तिकडे पुरुष लढाईवर गेले आणि त्यांच्या मशीनवर बायका उभ्या राहिल्या. स्कर्ट पट्ट्यात अडकायचा, म्हणून छातीपासून पायापर्यंत एकसंध विजार आली, ओव्हरॉल म्हणतात तिला. आधी लोक हसले, मग सगळ्यांना सवय झाली. पॅटर्न पाठवते आहे. बायकांच्या ओव्हरॉलला समोर उघडं चालत नव्हतं, बटणं डाव्या बाजूला येतील.

कटरच्या जागेचा अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा आहे. मी तुमचं नाव सुचवलं आहे आणि बाईने मान हलवली आहे. म्हणजे झालंच असं समजा.

विभावरी


रहीमा,
२ नोव्हेंबर

विभावरीताईंना नमस्कार.

पार्सल बसने पाठवलं आहे, तीन खोकी आहेत. दोन खोक्यांत पुरुष, तिसऱ्यात बायका.

या बायकांनी मला आठवडाभर छळलं. चाळीस वर्षं मी फक्त पुरुषांची मापं घेतली आहेत. बाईला पॅन्ट आणि तीही गळ्यापर्यंत, हे काय खूळ, असं मी म्हणत राहिलो. रुमाना म्हणाली, अब्बा, मी रोज सलवार घालते, तिला काय म्हणाल? मी म्हटलं, सलवार वेगळी. ती म्हणाली, कशी? मग मला नमाजची आठवण झाली आणि मी उठलो.

पण काम चोख झालं आहे. पॅटर्न तुमच्या बाईचा होता, त्यात मी थोडी सुधारणा केली आहे. तिला आवडेल. नाही आवडली तर तिची नजर कमी झाली असं समजेन.

तुमचं ते वाक्य, झालंच समजा, मी कागद भिंतीला लावून रोज वाचतो. झयानने तर दम्मामला राहायची खोली बघायला सुरुवात केली आहे. मी म्हटलं, यल्ला, आधी सही होऊ दे.

हारून हमदुले


रियाध,
९ नोव्हेंबर

हारूनभाई,

पुरुषांचे कपडे उत्तम. त्याबद्दल वेगळं लिहीन. हे पत्र तिसऱ्या खोक्याबद्दल आहे.

ओव्हरॉल मी स्वतः घालून पाहिली. माझं वय अठ्ठेचाळीस, बांधा मराठी मास्तरणीचा. ती घालून मी वाकले, उकिडवी बसले, हात वर करून कपाटावरचं खोकं काढलं. कुठे ओढली नाही, कुठे चोळामोळा नाही. खिशात हात घातला तर तो जिथे जातो तिथेच खिसा आहे. पुरुष कटर बाईला पॅन्ट बेततो तेव्हा नेहमी तो स्वतःचाच हात धरून खिसा लावतो, दोन इंच खाली. पंचवीस वर्षांत मी एकही अपवाद पाहिलेला नाही.

आणि मग मला कमरपट्टीच्या आत, मागच्या बाजूला, एक छोटा खिसा सापडला. पॅटर्नमध्ये तो नाही. मऊ अस्तराचा, वरून झाकण असलेला. दिवसभर कारखान्यात उभ्या राहणाऱ्या बाईला महिन्यातून चार-पाच दिवस असा खिसा लागतो, हे मला कळलं, हॅरिएटबाईला कळलं. तुम्हाला कसं कळलं?

तुमचा मी मान ठेवते, म्हणून आडून विचारत नाही. हे कुणी बेतलं? आणि फक्त हेच, की आधीचंही? अर्जावर नाव मला लिहायचं आहे. उलट टपाली खरं सांगा.

विभावरी


रहीमा,
१३ नोव्हेंबर

विभावरीताईंना नमस्कार.

रुमानाने बेतलं. सगळं. पॅन्ट, सदरा, बावीस खलाशी, सगळं.

दोन वर्षांपूर्वी माझा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाला वयाचं आहे, गोळ्या दिल्या, गोळ्यांनी झोप येते, थरथर तशीच. चहाचा कप मी दोन हातांनी धरतो. कात्री दोन हातांनी धरता येत नाही. पहिल्यांदा एका फोरमनचा सूट बेतताना कात्री सरकली आणि चांगलं विलायती कापड वाया गेलं. त्या दिवशी मी कापड गुंडाळून घरी आणलं आणि जेवणाच्या टेबलावर पसरलं. रुमाना म्हणाली, अब्बा, तुम्ही बोट फिरवा, मी त्या रेषेवरून कापते. महिनाभर बोट फिरवलं. मग एके दिवशी माझं बोट पोहोचायच्या आत तिची कात्री पुढे गेली होती, आणि बरोबर गेली होती.

त्या खिशाचं मला ठाऊक नव्हतं. तुमचं पत्र तिनेच वाचून दाखवलं, पण त्या ओळींपाशी आल्यावर मला म्हणाली, अब्बा, हा तुमचा विषय नाही.

सुधारणा मी केली असं लिहायला सांगितलं तेव्हाही पेन तिच्याच हातात होतं. तिने ते तसंच लिहिलं.

आता माझं म्हणणं ऐका. अर्जावर नाव माझंच राहू द्या. इकामा माझा अडला आहे, तिचा नाही. ती नवऱ्याच्या इकाम्यावर आहे. काम तीच करेल, मी शेजारी बसून बघेन. तुम्हाला कपडे असेच मिळतील. पगार एकाच घरात येईल. शेवटी घरचंच आहे सगळं. तिचीही काही हरकत नाही. मी विचारलं, ती म्हणाली, जशी तुमची मर्जी.

हारून हमदुले


रियाध,
१८ नोव्हेंबर

हारूनभाई,

खरं सांगितलंत, आभार. बाकीचं मला मान्य नाही.

घरचंच आहे सगळं, हे वाक्य मी आधी ऐकलं आहे. पुण्यात एका नाटक कंपनीत नऊ वर्षं मी कपडेपट केला. जाहिरातीत नाव मालकांच्या पुतण्याचं यायचं. मालकांची बायको मला मुलीसारखं वागवायची, सणाला साडी द्यायची आणि म्हणायची, अगं, घरचंच आहे सगळं. माझीही काही हरकत नव्हती. रियाधला आल्यावर कामासाठी दारं ठोठावली तेव्हा कळलं की नऊ वर्षांचा एकही कागद माझ्यापाशी नाही. सुईत दोरा ओवता येतो हे सिद्ध करायला पुढची सहा वर्षं गेली. त्या सहा वर्षांचा मला आजही राग येतो.

जशी तुमची मर्जी, याला होकार म्हणत नाहीत. तुम्ही दारातून येणाऱ्याची कंबर ओळखता, तर घरातलं हेही ओळखलंत असणार.

मी खोटं नाव लिहिणार नाही. जागा एकच आहे आणि ती कापड बेतणाऱ्याची आहे, शेजारी बसून बघणाऱ्याची नाही. रुमानाचं नाव लिहायला हॅरिएटबाई एका पायावर तयार आहे. अडचण एवढीच की स्टुडिओला किमान दोन वर्षांच्या अनुभवाचा दाखला लागतो, ज्याच्या हाताखाली काम केलं त्याच्या सहीचा. तो तुमच्याशिवाय कुणी देऊ शकत नाही. त्याचा अर्थ तुमच्यासाठी काय होतो हे मला समजतं. मुदत ३० नोव्हेंबर.

विभावरी


रहीमा,
२३ नोव्हेंबर

विभावरीताई,

मी रुमाना. आतापर्यंतच्या पत्रांतलं अक्षर माझं होतं, शब्द अब्बांचे. या पत्रात दोन्ही माझं आहे. अब्बांना ते माहीत नाही.

मला ती जागा हवी आहे. अब्बांनी पहिल्या पत्रात हेच वाक्य सांगितलं तेव्हा मी ते लिहिलं आणि पेन क्षणभर थांबलं. माझं माहेर म्हसळ्याचं. बारावीनंतर लग्न झालं आणि इथे आले. कापडाला हात लावेपर्यंत मला वाटायचं की मला कशातच गती नाही. आता कापड पसरलं की त्यात सगळे तुकडे आधीच दिसतात, फक्त सोडवून घ्यायचे असतात. हे काम मला येतं. चांगलं येतं. हे मी लाजून लिहीत नाहीये.

पण दाखला अब्बांकडे मागू नका. गेली दोन वर्षं सगळं मी बेतलं असं त्यांनी लिहून दिलं, की गेली दोन वर्षं त्यांनी कात्री धरलेली नाही हे कागदावर आलं. मग ती नोकरी त्यांना तुम्हीच काय, या किनाऱ्यावर कुणीही देणार नाही. माझ्या नावावर जागा, आणि त्यांना जानेवारीत विमान. तुमचं पत्र आल्यापासून ते दुकानात जातात आणि रिकाम्या टेबलासमोर उभे राहतात. गेले पाच दिवस माझ्याकडून काही लिहून घेतलेलं नाही.

मर्जी त्यांची, असं मी म्हटलं तेव्हा मला राग आला होता. अजून आहे. तरीही ज्यांनी मला शिकवलं त्यांच्यापुढे जाऊन, तुमचा हात गेला असं लिहून द्या, असं मी म्हणणार नाही. दाखल्याशिवाय होत असेल तर माझी चाचणी घ्या. कुठलंही कापड द्या, कुठलंही साल द्या, समोर उभं राहून बेतून दाखवते. होत नसेल तर राहू द्या. मी पुढच्या वेळी आधीपासून कागद जमवीन.

रुमाना


रहीमा,
२७ नोव्हेंबर

विभावरीताईंना हारूनचा नमस्कार.

हे पत्र माझ्या हातचं आहे. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाचा, मला दोन दिवस लागले आहेत. रुमानाकडून लिहून घेणं शक्य नव्हतं. तिने लिहिलं नसतं, किंवा मधलं काहीतरी गाळलं असतं. ओल्या डोळ्यांनी लिहिलेलं मला चालत नाही, शाई पसरते.

तुमच्यावर चार दिवस रागावलो होतो. पाचव्या दिवशी दुकानातली सगळी जुनी बिलं काढली. प्रत्येक बिलावर माझं नाव. दोन वर्षांतल्या बिलांचा गठ्ठा वेगळा केला आणि त्यातला एकेक कपडा आठवत बसलो. एकही माझा निघाला नाही. माणूस दुसऱ्याचा कोट अंगावर घालून फिरतो तसा मी दोन वर्षं फिरलो आणि लोकांकडून वाहवा घेतली. मला लाज वाटली. ती वाटायलाच हवी होती.

तिकीट १२ जानेवारीचं काढलं आहे. झयान थोडा रडला, मी नाही. कफील दाखल्यावर दुकानाचा शिक्का मारायला कुरकुरत होता. त्याला म्हटलं, चोवीस वर्षांत तुझ्याकडे काही मागितलं नाही. मग त्याने मारला.

इथून पुढे कामाचं पत्र रुमानाला लिहा. ती मोबाइलवर उत्तर देते.

दाखला खाली आहे. त्याला हात लावू नका, इंग्रजी करताना काही गाळू नका.


दाखला

मी, हारून हमदुले, राहणार दाभोळ, हल्ली रहीमा, लिहून देतो की ऑक्टोबर २०२३ पासून आजपर्यंत माझ्या दुकानातून जे जे कपडे बाहेर गेले ते सगळे माझी सून रुमाना झयान हमदुले हिने बेतले आहेत. त्यात सूट आहेत, गणवेश आहेत, अरबांचे तोब आहेत आणि तुमचे १९४४ सालचे सत्तेचाळीस जण आहेत. या काळात मी स्वतः एकही कपडा बेतलेला नाही. बिलांवर माझं नाव आहे ते चुकीचं आहे.

तिने काम माझ्या हाताखाली सुरू केलं. ती माझ्या पुढे कधी गेली ती तारीख मला सांगता येत नाही, कारण मी ती लिहून ठेवली नाही.

या दोन वर्षांत एकाही गिऱ्हाइकाची तक्रार आली नाही. त्याआधी, मी बेतत होतो तेव्हा, यायच्या.

हारून हमदुले
शिंपी